फळीखालच्या घड्या

विनिफ्रेड गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात रमचा चमचा होता.

मंगळवार होता, सकाळचे साडेआठ. तीन दिवस ती हॉस्पिटलात होती. छातीत पाणी झालेलं, पण डॉक्टर म्हणाले होते की उतरतंय. सकाळी तिनेच मला घरी पाठवलं. म्हणाली, "अंघोळ कर, शर्ट बदल. आणि आज मंगळवार आहे, केकला पाजायला विसरू नको. मोठ्याला चार चमचे, मधल्याला तीन, धाकट्याला दोन. आधी सुईने भोकं पाड. नुसती वरून ओतू नको."

"माहीत आहे गं मला," मी म्हटलं.

"माहीत असतं तुला सगळं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. हे आमचं शेवटचं बोलणं.

ते तीन केक क्रिस्टलच्या लग्नाचे होते. क्रिस्टल म्हणजे विनिफ्रेडच्या भावाची, फ्लेव्हियनची मुलगी. ते लोक कल्याणला राहतात. लग्नाचा फ्रूट केक विनिफ्रेड अडीच-तीन महिने आधी भाजून ठेवायची आणि दर मंगळवारी त्याला रम पाजायची. आयसिंग शेवटच्या दोन दिवसांत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आमच्या लोकांत तीसेक वर्षं कुणाचंही लग्न असलं की केक बहुतेक तिचाच असायचा.

फोनवरच्या माणसाने सांगितलं ते मी ऐकलं आणि "बरं" म्हटलं. मोठ्याचे चार चमचे झाले होते, मधल्याचे दोन. मी मधल्याला तिसरा दिला. धाकट्याला दोन दिले. तिघांनाही बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवलं, झाकणं लावली आणि मग घराला कुलूप लावून निघालो. असं का केलं हे मला नंतर दोघा-तिघांनी विचारलं. तेवढं काम हातात होतं, ते पुरं केलं.

पुरायला पुष्कळ माणसं आली. चर्चमध्ये तिच्या नावाने महिन्याचा मिस्सा झाला. त्यानंतर फ्लेव्हियन घरी आला. लग्न पुढे ढकलायचं नाही हे विनिफ्रेडने आजारी पडल्यावरच त्याच्याकडून वदवून घेतलेलं. पण केकचं बोलताना तो चाचरत होता.

"थॉमस, केक आम्ही कल्याणला ऑर्डर करतो. तुला आता कशाला त्रास?"

"केक तयार आहे," मी म्हटलं. "आयसिंग भावना करेल."

भावना आमच्या शेजारची. लग्न होऊन आली तेव्हापासून विनिफ्रेडच्या हाताखाली शिकली. आता तिचे गुलाब विनिफ्रेडच्या गुलाबांपेक्षा बरे होतात, असं विनिफ्रेडच म्हणायची.

"आणि आणणार कसा? तीन मजली केक?"

"नेहमीसारखा. आपल्या गाडीतून."

फ्लेव्हियनने खिडकीतून बाहेर अंगणात पाहिलं. गाडी मागून खाली बसलेली होती. मागची चाकं अर्धीअधिक आत गेली होती.

ही गाडी घ्यायचं कारणच केक होता. आधी आम्ही टेम्पोतून न्यायचो. एकदा डोंबिवलीच्या एका लग्नाला जाताना शीळ फाट्याच्या खड्ड्यात टेम्पो बसला आणि वरचा मजला विनिफ्रेडच्या मांडीवर आला. ती रडली नाही. हॉलच्या मागे बसून तिने दीड तासात तो परत उभा केला. पण घरी आल्यावर म्हणाली, "आता नाही होणार रे माझ्याने." तेव्हा मी ही लांब पाठीची जुनी जर्मन गाडी शोधून काढली. एका परदेशी वकिलातीच्या लिलावातली होती. तिची खुबी अशी की मागे कितीही वजन ठेवा, इंजिन चालू असलं की गाडी आपण होऊन मागून वर येते आणि सरळ राहते. तेलाच्या दाबावर सगळं चालतं. मी चाळीस वर्षं फिटर होतो. असं यंत्र रोज घरी असावं हा माझाही लोभ होता. केकचं कारण पुढे करायला बरं पडलं.

गाडी आली त्याच वर्षी मी अंगणात कोबा केला. स्वतःच्या हाताने. मग गाडी कोब्यावर उभी करून, मागे केक ठेवायला बसवलेल्या फळीवर पाणसळ ठेवून, खाली शिरून मी तिची उंची नीट लावून घेतली. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्ये आला, तेव्हाच बाहेर निघालो.

दोन-तीन फेऱ्यांनंतर विनिफ्रेड म्हणाली, "थॉमस, ही गाडी मागे झुकते रे."

मी तिला अंगणात नेलं, इंजिन चालू केलं आणि फळीवर पाणसळ ठेवली. "बघ. कुठे झुकते?"

तिने बुडबुड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

त्यानंतर तिच्या केकच्या पिशवीत एक कापडी घडी दिसायला लागली. आत वर्तमानपत्रं, वर जुन्या टेबलक्लॉथचं कापड, चारी कडांनी शिवलेली. मी फाटक उघडायला जायचो तेव्हा ती मागे उभी राहून ती घडी फळीखाली सरकवायची. विचारलं तर म्हणाली, "फळी वाजते."

हे मला लागलं. फिटरच्या गाडीत फळी वाजते म्हणजे काय? मी फळीच्या चारी कोपऱ्यांना रबर चिकटवलं. "आता?"

"थोडी वाजते अजून."

पुढे बरेच महिने मी तो आवाज शोधत होतो. एकटा गाडी चालवत शहापूरपर्यंत जाऊन आलो, कान मागे लावून. मला कधी ऐकू आला नाही. मी म्हटलं, वय झालं, कान गेले.

तर आता गाडी खाली बसली होती. पाच आठवडे मी तिला हात लावला नव्हता. फ्लेव्हियन गेल्यावर बॉनेट उघडलं. तेलाच्या टाकीत तेल उलट जास्तच होतं, काठोकाठ. इंजिन चालू करून दहा मिनिटं थांबलो. गाडी उठली नाही. मागच्या चाकांजवळ दोन लोखंडी गोळे असतात. आत एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला तेल आणि मध्ये रबरी पडदा. मी ठरवलं की पडदे फाटले, गोळे गेले. आणि ते गोळे आता इथे कुठे मिळणार? लग्नाला बारा दिवस उरले होते. मी पायरीवर बसून राहिलो. आत तीन डबे होते. भाजणं तिचं, रम माझ्या हातची. हा केक दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत घालून पाठवायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तशीच हळूहळू कल्याणला काळुरामकडे नेली. काळुराम आमच्याच कंपनीच्या गॅरेजमध्ये होता. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आता शहाडच्या बाजूला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. कंपनीत असल्यापासून तो मला दादूस म्हणतो.

"काय रं दादूस," तो लांबूनच ओरडला, "गाडीचा कुत्रा केलास काय? ढुंगणावर बसलीय."

मग जवळ आला आणि माझा हात धरून थोडा वेळ उभा राहिला. पुरायलाही आला होता, तेव्हा बोलणं झालं नव्हतं.

"गोळे गेले," मी म्हटलं.

"कोण म्हणतो?"

"मी म्हणतो."

"ठाण्यावरनं आलास ना? रस्त्यात आपटली का? लाकडाच्या गाड्यासारखी?"

"नाही. मऊच होती."

"गोळे गेले असते तर तुझी कंबर गेली असती इथवर येईपर्यंत." त्याने मागून गाडीवर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला. गाडी डुलली. "गोळे ठणठणीत आहेत. चाळीस वर्षं काय केलंस रं कंपनीत? पेपर वाचलास?"

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

त्याने गाडी रॅम्पवर घेतली आणि बॅटरी घेऊन खाली गेला. मी स्टिअरिंगशी बसलो. खालून आवाज आला, "अरे, हा तर तुटलाय."

मागच्या चाकांच्या मध्ये एक आडवी सळई असते. मागे वजन पडलं की ती पिळते. तिला एक वीतभर बारीक रॉड जोडलेला असतो. तो रॉड एका छोट्या दांड्याला ढकलतो आणि त्या दांड्यावरून गाडीला कळतं की आपण खाली आलो, आता तेल सोडा. तो वीतभर रॉड सांध्याजवळ गंजून तुटला होता. दांडा खाली लोंबत होता, त्यामुळे सगळं तेल टाकीत परत गेलं होतं. म्हणून टाकी काठोकाठ. हे मला घरीच कळायला हवं होतं.

"इंजिन चालू ठेव," काळुराम म्हणाला. "मी दांडा हाताने वर करतो. उठली तर पंप पण चांगला, वॉल्व्ह पण चांगला."

मी इंजिन चालू ठेवलं. आरशात मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. ते हळूहळू खाली जायला लागलं. गाडी उठत होती. विनिफ्रेड गुडघ्यावर हात टेकून, थांबत थांबत उठायची, तशी उठत होती.

"उठली का?" खालून काळुराम.

मी आरशातच बघत होतो.

"दादूस, उठली का?"

"उठली."

रॉड मी स्वतः केला. त्याच्याकडे आटे पाडायचं सगळं सामान होतं. जुन्या तुकड्यांवरून माप घेतलं, दुसऱ्या एका गाडीचे सांधे बसवले. दुपारपर्यंत जोडून झाला. गाडी आपण होऊन उठली आणि थांबली. काळुरामने टेप घेतला, चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत मोजलं, जुन्या पुस्तकात बघितलं आणि डोकं खाजवलं.

"मागे दीड इंच कमी. रॉड आखूड केलास."

"रॉड बरोबर आहे."

तो परत खाली गेला. "इथे क्लॅम्पवर कंपनीची खूण आहे. दांडा त्या खुणेवर पाहिजे. कुठल्या गाढवाने फिरवून ठेवलाय बघ."

"मी फिरवलाय," मी म्हटलं.

"मग शहाण्या गाढवाने," तो म्हणाला. बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "कुठे सेट केलीस?"

"घरी. अंगणात. पाणसळ ठेवून."

"अंगण सरळ आहे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला तो कोबा दिसला. घराच्या पायरीपासून फाटकाबाहेरच्या गटाराकडे उतरता. पाणी साचू नये म्हणून मी दोरी धरून उतार दिला होता. गाडीची पाठ नेहमी घराकडे, कारण केक स्वयंपाकघरातून यायचा. म्हणजे मागची बाजू चढावर. तिथे गाडी सरळ दिसावी म्हणून मी तिची मागची बाजू खाली केली होती. स्वतः दिलेला उतार महिन्याभरात विसरलो होतो.

"उतार आहे," मी म्हटलं. "मीच दिलाय."

काळुराम हसायला लागला, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "म्हणजे बारा वर्षं ही गाडी तुझं अंगण सोडलं तर सगळीकडे मागे झुकून चालली?"

"हो."

"आणि वयनींचा केक एकदाही नाही घसरला?"

"एकदाही नाही."

"देवाची कृपा मग."

"असेल," मी म्हटलं.

त्याने दांडा खुणेवर आणला. त्याच्या गॅरेजची जमीन सपाट आहे. तिथे मी फळीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये आला. तरी मी रस्त्यावर सपाट जागा बघून दोनदा थांबलो आणि परत ठेवली.

लग्नाच्या दिवशी सकाळी भावना आणि मी केक बाहेर आणला. तीन मजले, पांढरे, कडेने बारीक गुलाब. मी बघत राहिलो तर भावना म्हणाली, "काका, उचला, हात भरून आले माझे." फळीवर ठेवला. ती मागच्या सीटच्या अर्ध्या भागावर बसणार होती, जिथे विनिफ्रेड बसायची, एक हात केकच्या तळाला लावून. मी इंजिन चालू करून फाटक उघडायला गेलो.

"काका!" ती ओरडली. "काका, लवकर या, केक पुढे जातोय!"

धावत आलो. ती दोन्ही हातांनी केकचा तळ धरून उभी होती. फळीच्या मागच्या कडेखाली ती कापडी घडी होती.

"ही कशाला लावलीस?"

ती गोंधळली. "काकींनी शिकवलंय. काका फाटक उघडायला गेले की लावायची. मागच्या बाजूला. बाहेर रस्त्यावर गेलं की बरोबर होतं म्हणायच्या. पण अंगणात एवढा कधी झुकत नव्हता."

"फळी वाजते म्हणून ना?"

भावनाने मान खाली घातली. "फळी नाही वाजत काका. गाडी मागे झुकायची. काकी ग्लासात पाणी ठेवून बघायच्या. तीन-चार वेळा कमी-जास्त करून ही घडी बनवली त्यांनी. मला म्हणाल्या, तुझ्या काकांनी फार मेहनतीने लावलीय गाडी. त्यांना सांगायचं नाही."

मी घडी काढून हातात घेतली. अर्धा इंच जाड. फळी तीन फूट. पुढच्या चाकापासून मागचं चाक नऊ फूट. नऊ फुटांना दीड इंच, तर तीन फुटांना अर्धा. माझी चूक तिने पाण्याच्या ग्लासावर मोजली होती आणि सुताएवढाही फरक नव्हता.

"आता नको लावू," मी म्हटलं.

"पण काकींनी..."

"अंगण उतरतं आहे, भावना. गाडी सरळ आहे. रस्त्यावर लागलो की दिसेल."

तिचा विश्वास बसला नाही. फाटकाबाहेर पडेपर्यंत तिने केक दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. हायवेला लागल्यावर मी कडेला थांबलो. तिने ग्लासात पाणी ओतलं, फळीवर ठेवलं आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सरळ आहे," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "काकींना सांगायला पाहिजे होतं."

रांजनोलीला ट्रॅफिक होतं. कोनगावात रस्ता खणलेला. प्रत्येक गतिरोधकावर मी पहिल्या गिअरमध्ये गेलो, मागे रिक्षावाले शिव्या देत होते. एक जण बाजूने जाताना ओरडला, "काय काका, अंडी नेताय काय?" दुर्गाडीच्या पुलावर मी आरशात पाहिलं. भावना एक हात केकच्या तळाला लावून बाहेर खाडीकडे बघत होती.

हॉलच्या दारात फ्लेव्हियन आणि आणखी दोघे केक उतरवायला आले. टेबलावर ठेवला. फ्लेव्हियन लांब जाऊन, मान वाकडी करून बघून आला. "थॉमस, जराही हलला नाही रे." क्रिस्टल आतून गाउन दोन्ही हातांनी उचलत आली. केककडे बघितलं, मग माझ्या गळ्यात पडली. "अंकल, आत्याने पाजलेली रम ना यात?"

"पहिले पाच मंगळवार तिने," मी म्हटलं. "पुढचे मी. चमचे मोजून."

ती रडायला लागली आणि तिची मेकअपवाली माझ्यावर चिडली.

संध्याकाळी घरी आलो. गाडी अंगणात घेतली. आता ती तिथे मागून उचललेली दिसते. येणारा-जाणारा विचारतो, काय झालं गाडीला. मी सांगतो, गाडी बरी आहे.

घडी मी घरात आणली. ब्लेडने तिची एक कड उसवली आणि आतला पेपर थोडासा ओढून तारीख बघितली. बारा वर्षांपूर्वीची, मी तिला पाणसळ दाखवली त्याच आठवड्यातली. तेवढं बघून पेपर परत आत ढकलला.

ती कड शिवायची राहिली आहे. अंगण सरळ करायचंही राहिलं आहे.